आहे त्या श्वासावर

वाणिज्य शाखेत पहिल्याच वर्षी ताळेबंद शिकवतात. एका बाजूस देणी, दुसऱ्या बाजूस मालमत्ता. परंतु स्वतःचा हिशेब मांडताना आपण बहुधा देण्यांचीच बाजू लिहीत बसतो. इंग्रजी कच्चे, गुण कमी, परिस्थिती बेताची! मराठी माध्यमातून येऊन इंग्रजी पुस्तकांपुढे बसलेल्या माझ्यासारख्यांना ही यादी तोंडपाठ असते. अशा वेळी मला पंडित कुमार गंधर्व आठवतात.

कुमारजी मूळचे कानडी. त्यांचे नाव शिवपुत्र कोमकळी. जन्म 8 एप्रिल 1924 रोजी बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे झाला. बालपणीच त्यांच्या गाण्याची कीर्ती पसरली. पुढे मुंबईत प्रा. बी. आर. देवधर यांच्याजवळ त्यांनी विद्या घेतली. पंचविशी गाठण्यापूर्वीच क्षयरोगाने त्यांना गाठले. हवापालटासाठी 1948 साली ते माळव्यात, आमच्या इंदूरपासून सुमारे 35 किलोमीटरवर असलेल्या देवासला आले. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले. डॉक्टरांनी गाणे बंद करविले. गवयाचे सारे भांडवल म्हणजे श्वास. तोच तुटपुंजा झाला!

पुढची काही वर्षे अंथरुणावर गेली. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध तेव्हा नवीनच होते. त्याचा गुण आला. पत्नी भानुमतीबाईंनी अपार शुश्रूषा केली. गळा बंद होता, पण कान उघडे होते. कामे करता करता गाणाऱ्या माळवी स्त्रिया, दारावरून निर्गुणी भजने गात जाणारे जोगी, यांचे सूर त्यांच्या कानी पडत. ज्यांना कोणी गवई म्हणत नव्हते, त्यांचे गाणे या नामवंत गवयाने आदराने ऐकले. पुढे त्यांनी ती लोकगीते जमवली, स्वरलिपीत उतरवली आणि त्यांच्या धुनांतून नवे राग बांधले.

1950 नंतरच्या दशकात ते पुन्हा गाऊ लागले. लांबलचक तानांचा हट्ट त्यांनी धरला नाही. छोट्या, धारदार स्वराकृती, मध्ये अर्थपूर्ण विराम, आहे त्या श्वासावर उभे राहिलेले हे गाणे! जाणकार त्यालाच त्यांची नवी शैली म्हणतात. 1990 साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. 12 जानेवारी 1992 रोजी देवासलाच त्यांचे निधन झाले.

यातून मला दोन गोष्टी उमगतात. पहिली, स्वतःचा स्वीकार म्हणजे हार नव्हे. औषध घ्यावे, प्रयत्न करावेत; मात्र जे उरले नाही त्यासाठी कुढत न बसता जे उरले आहे त्यातून काय उभे राहील, ते पाहावे. दुसरी, स्वतःच्या उणिवेशी ज्याने समेट केला, त्याला दुसऱ्याचे ऐकायला सवड मिळते. जो रात्रंदिवस स्वतःलाच दोष देतो, त्याचे कान स्वतःच्याच रडगाण्याने भरलेले असतात. करुणा म्हणजे वरून टाकलेली दया नव्हे. शेजारी बसून ऐकणे होय.

मित्रहो, आपल्या वर्गात अडखळत बोलणारा एखादा सोबती असेल, परीक्षेत मागे पडलेली एखादी मैत्रीण असेल. त्यांना उपदेश नको असतो. त्यांचे वाक्य पुरे होईपर्यंत थांबू या. आणि स्वतःचे वाक्य अडखळले, तर स्वतःसाठीही तितकेच थांबू या.