वेळ येण्याआधी लावून बघ

अगं, जावईबापू दुबईला कामावर रुजू झाले, रोज रात्री बोलणं होतंय, हे ऐकून बरं वाटलं. तिथे व्हॉट्सॲपवर निरोप जातात, पण कॉल लागत नाही, म्हणून तुम्ही दोघांनी बोटिम ॲप घेतलंत, तेही चांगलं केलंत. पण ताई म्हणून एक विचारते. उद्या त्यांचा मोबाइल दोन दिवस बंद लागला, तर तू फोन कुणाला करशील? कंपनीच्या ऑफिसला, नाहीतर दवाखान्याला. तिथे बहुतेक ठिकाणी लँडलाइन असते आणि फुकटातल्या ॲपवरून ती लागत नाही. अशा वेळी माणूस घाबरून, हाती येईल त्या मार्गाने फोन लावतो. तोच कॉल सगळ्यात महाग पडतो. म्हणून हातात वेळ आहे तोवर तयारी करून ठेव.

आपल्या लहानपणी भंडाऱ्याच्या बूथवर मीटरचे लाल आकडे पळायला लागले की मोठी माणसंही अर्ध्या वाक्यात फोन ठेवायची. तेव्हा परदेशचे कॉल एकट्या विदेश संचार निगमच्या हातात होते. 1 एप्रिल 2002 ला ती मक्तेदारी संपली. इंटरनेटवरून परदेशातला नंबर लावायलाही तेव्हाच परवानगी मिळाली आणि दर उतरत गेले. आज स्वस्त मार्ग आहेत, फक्त ते आधीपासून चालू करून ठेवावे लागतात.

पहिला मार्ग तुझ्या सिमचाच. त्यावर आयएसडी सुरू आहे का, ते कंपनीला विचारून घे. मग आयएसडी पॅक बघ. पॅकच्या यादीत आपल्याला हवा तो देश आहे ना, आणि तिथल्या मोबाइलसोबत लँडलाइनचाही दर दिला आहे ना, हे नीट वाच. पॅक न घेता लावलेल्या कॉलला साधा दर लागतो आणि तो बराच जास्त असतो.

दुसरा मार्ग पैसे भरून वापरायच्या ॲपचा, जसं व्हायबर आउट किंवा रेबटेल. स्काइप मे 2025 मध्ये बंद झालं, तेव्हा कुणी जुना सल्ला दिला तर त्यात अडकू नकोस. अशा ॲपमध्ये थोडीच रक्कम टाक आणि ती किती दिवसांत संपवायची आहे ते बघ. दर बघताना मोजणी कशी होते तेही बघ. मिनिटाने मोजत असतील तर एक मिनिट पाच सेकंदांचे पैसे दोन मिनिटांचे जातात. काही ठिकाणी कॉल जोडल्याचे वेगळे पैसे घेतात. पलीकडे आन्सरिंग मशीनने फोन उचलला, किंवा 'थांबा' म्हणून गाणं लावून ठेवलं, तरी मीटर चालूच राहतो. म्हणून काय विचारायचं ते आधी कागदावर लिहून घे.

आता नंबर कसा लावायचा ते ऐक. भंडाऱ्याचा कोड 07184. परदेशातून कुणी लावला तर सुरुवातीचं शून्य गाळून 91 7184 असा लावतात. तसंच उलट कर. दुबईच्या लँडलाइनचा कोड 04, तर इथून 00971 4 आणि पुढे नंबर. 971 नंतर 5 आला की समज, तो मोबाइल आहे. लंडनचा 020 इथून 0044 20 होतो. इंग्लंडमध्ये 01 आणि 02 चे नंबर लँडलाइनचे, 07 चे मोबाइलचे, आणि मोबाइलचा दर सहसा जास्त. अमेरिका-कॅनडात तसा फरक नसतो. इटलीत मात्र लँडलाइनचं शून्य गाळायचं नाही.

800 ने सुरू होणारे तिथले टोल-फ्री नंबर इथून बहुधा लागत नाहीत. दुबईतल्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा 800 46342 हा नंबर जावईबापूंच्या फोनमध्ये असू दे. तुझ्यासाठी भारतातला 1800 11 3090 आहे, त्याला पैसे पडत नाहीत. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते.

वेळेचंही भान ठेव. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. 2022 पासून तिथल्या सरकारी कचेऱ्या शनिवार-रविवार बंद असतात आणि शुक्रवारी दुपारीच उठतात. कंपनीची सुट्टी वेगळी असू शकते, ती जावईबापूंनाच विचार.

आणखी दोन गोष्टींना जप. अनोळखी परदेशी नंबरचा मिस्ड कॉल आला तर उलटा फोन करू नकोस. त्यात पैसे उकळणारे असतात. आणि 'घरात एक मशीन ठेवा, महिन्याला भाडं देऊ' असं कुणी म्हणालं तर दारातूनच परत पाठव. परदेशातले कॉल सिम भरलेल्या मशीनमधून चोरून फिरवतात, तो गुन्हा आहे आणि पोलीस घर ज्याचं त्याच्याकडेच येतात. फसवणुकीत पैसे गेलेच तर लगेच सायबर हेल्पलाइन 1930 ला कळव.

या रविवारी सगळं ठीक आहे तेवढ्यात एकदा जावईबापूंच्या मेसचा नाहीतर सुपरवायझरचा लँडलाइन नंबर लावून बघ. ॲपवरून लावशील तर पलीकडे वेगळाच नंबर दिसू शकतो, म्हणून आधी सांगून ठेव. मग तो नंबर सुरुवातीच्या सगळ्या आकड्यांसकट मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लाव आणि सासूबाईंकडूनही एकदा लावून घे. धान कापणीच्या दिवसांत तू बांधावर असशील, घरी त्या एकट्याच असतील. तुझ्यावाचून त्यांचं अडायला नको.