जोडीचा भाव, पिल्लांचा भाव

भुकूम, ता. मुळशी

चि. ओंकार,

तुझा हिशोब पोचला. ओपलाइन रंगाच्या फिशर लव्हबर्डच्या चार जोड्या, वर्षाला तीन विणी, दर विणीला चार पिल्लं, म्हणजे अठ्ठेचाळीस. गुणिले आजचा भाव. गुणाकार बरोबर आहे, भाव चुकलाय. आज घेतलेल्या जोडीची पिल्लं विकायजोगी होईतो वर्ष सहज जातं, आणि तोवर बाकीच्यांचीही बाजारात उतरतात. माझ्या पहिल्या जोडीच्या पैशात दोन वर्षांनी तीन जोड्या येत होत्या. शिवाय तीन विणींत मादी खचते, दोनच धर.

दुर्मिळ रंगाचं गिऱ्हाईक कोण, याचा विचार केलास का? गॅलरीत पिंजरा टांगणाऱ्याला बजरीगर पुरतात, त्यांनाच तो लव्हबर्ड म्हणतो. महागाची जोडी घेणारा तुझ्यासारखाच, पिल्लं काढून विकणारा. तुमच्या सांगली जिल्ह्यात २०१९ साली कडकनाथ कोंबड्यांच्या योजनेत लोकांचे पैसे कसे बुडाले ते तू पाहिलंस. तिथे निदान शेवटी रस्सा तरी होत होता.

माझी फजिती ऐक. एका विक्रेत्याने मला ‘ओपलाइन स्प्लिट मादी’, म्हणजे ओपलाइन रंग अंगात लपलेली, म्हणून हिरवी मादी दुप्पट भावाने गळ्यात मारली. हा रंग लिंगाशी जोडलेला. मादीत असला तर दिसतोच. लपून राहतो तो फक्त नरात. म्हणजे स्प्लिट मादी अशी वस्तूच नाही! आणि तिचा ‘नर’? घरट्याच्या मडक्यात नऊ अंडी झाली, टॉर्चवर धरली तर सगळी आरपार पिवळी. दोघी माद्याच होत्या. नर-मादी डोळ्यांनी कळत नाहीत, पिसाची डीएनए चाचणी केल्याशिवाय पैसे देऊ नकोस.

फिशरची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, २०२४ च्या नियमांनुसार. पुढे झालेली पिल्लंही कळवायची. पीचफेस लव्हबर्डला ही कटकट नाही, म्हणून सुरुवात त्याच्या दोन जोड्यांनी कर. राळा, बाजरी, समुद्रफेस यांचा खर्च वहीत लिही. तुझी रोजची सकाळची तासाभराची मजुरीही लिही. ती धरली तर माझा धंदा एकाही वर्षी फायद्यात नव्हता, पण पक्षी काही मी विकून टाकले नाहीत.

जाळी अर्ध्या इंचाचीच घे. माझी एक इंचाची होती. पावसाळ्यात रात्री धामणीचं पिल्लू तीतून आत शिरलं, आणि पोट फुगल्यावर त्याला बाहेर पडता येईना. सकाळी ते दाण्याच्या भांड्यामागे वेटोळं करून बसलेलं, आणि मडकं रिकामं.

तुझा,
मामा