चांदोलीकडे जाणाऱ्या वाटा : परिसर अभ्यासासाठी एक पाठ

इयत्ता सहावी-सातवीला 'राष्ट्रीय उद्यान' शिकवताना आपण नाव, जिल्हा, प्राणी एवढं फळ्यावर लिहितो आणि पुढं जातो. चांदोलीच्या बाबतीत मात्र नकाशा उघडून फक्त रस्ते बघायला लावा. अर्धा इतिहास तिथंच सापडतो.

गाडीचा नेहमीचा रस्ता पूर्वेकडून आहे. पुणे-बंगळूर महामार्ग सोडला की शिराळा, कोकरूड, आरळा करत वारणेच्या काठाने वारणावती. नागपंचमीचं बत्तीस शिराळा ते हेच, मुलं लगेच ओळखतात. पुढं वारणा धरण आणि त्यामागे वसंतसागर जलाशय. हा डांबरी रस्ता नदीच्या खोऱ्यातून का जातो, हे मुलांनाच विचारा.

पश्चिमेकडून, म्हणजे कोकणातून, उद्यानात थेट गाडीरस्ता नाही. उत्तरेला कुंभार्ली घाट, दक्षिणेला आंबा घाट. मध्ये सह्याद्रीचे सरळ कडे. पण पायवाटा होत्या. संगमेश्वर तालुक्यातल्या शृंगारपूरहून प्रचितगडावर चढता येतं. शृंगारपूर सुर्व्यांचं होतं, ते 1661 मध्ये शिवाजी महाराजांनी घेतलं. पुढं संभाजीराजांचं तिथं वास्तव्य होतं. 1689 मध्ये संगमेश्वरी त्यांना पकडणारा मुकर्रबखान कोल्हापूरकडून घाट ओलांडूनच आला. दुर्गम वाट म्हणजे सुरक्षित वाट, असं मुलांना वाटतं. या प्रसंगावर वर्गात चांगली चर्चा होते.

आता नकाशात न दिसणारी गोष्ट. 1985 ला अभयारण्य, 2004 ला राष्ट्रीय उद्यान, 2010 ला कोयनेसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आणि 2012 ला जागतिक वारसा यादी. या तारखा पाठ होतात. पण या जंगलात गावं होती, शेतं होती, देवळं होती. ती माणसं खाली पुनर्वसन वसाहतींत आली, जमिनीसाठी त्यांना वर्षानुवर्षं आंदोलनं करावी लागली. गावाला जायची त्यांची वाट आता परवान्याची वाट झाली. वाघ वाचलाच पाहिजे, हे खरंच. तरी आमच्या पुस्तकात या माणसांना एक ओळसुद्धा नसावी, हे मला पटत नाही.

सांगली, सातारा, कोल्हापूर भागातल्या वर्गात एखादं मूल अशा वसाहतीतलं असू शकतं. त्याला आजी-आजोबांना तीन प्रश्न विचारून यायला सांगा : बाजाराला कुठून जायचा? पावसाळ्यात ओढा कसा ओलांडायचा? आजारी माणसाला खाली कसं आणायचा? उत्तरं आली की तीच वाट नकाशावर पेन्सिलीने काढून घ्या.