अद्भुत, फँटसी आणि कचारगडची कथा

अद्भुतकथेच्या चर्चेत ‘अद्भुतरस’, ‘फँटसी’ व ‘जादुई वास्तववाद’ या संज्ञा एकमेकींच्या जागी सर्रास योजिल्या जातात. वस्तुतः त्यांचे कार्यक्षेत्र एक नाही. भरताने विस्मय हा अद्भुताचा स्थायिभाव मानला. ही संज्ञा आस्वादाशी निगडित आहे, कथाप्रकाराशी नव्हे. हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) अद्भुतरम्य कादंबरी म्हणून ओळखली जाते, परंतु तिचे कथानक मुख्यतः संकटांवर व योगायोगांवर चालते. तेवढ्याने ती फँटसी ठरत नाही.

तोदोरोव यांच्या १९७० मधील मांडणीचेही असेच झाले आहे. घडले ते अलौकिक की भ्रम, याविषयी वाचकाची दोलायमान अवस्था हा त्यांचा निकष. राक्षस व बोलका पोपट निमूटपणे स्वीकारणाऱ्या परीकथेला तो लागूच होत नाही. तरीही परीकथेच्या विवेचनात तोदोरोव हटकून येतात!

हा गोंधळ लोककथेपर्यंत पोहोचला की प्रश्न केवळ परिभाषेचा राहत नाही. गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यात कचारगडची गुहा आहे. तेथे कोंडलेल्या बालकांना लिंगोने मुक्त केले, अशी गोंड समाजाची धारणा असून माघ पौर्णिमेच्या सुमारास तेथे मोठी यात्रा भरते. ही कथा ‘फँटसी’ म्हणावी, तर हे घडलेले नाही असा सांगणारा व ऐकणारा यांच्यातील संकेत गृहीत धरावा लागतो. यात्रेकरूच्या लेखी असा संकेत नाही. हा त्याच्या पूर्वजांचा वृत्तांत आहे. निवेदक अलौकिक घटना सहज सांगतो, एवढ्यावरून तिला ‘जादुई वास्तववादी’ म्हणणेही चुकीचे. जो वास्तववादी संकेत येथे कधी नव्हताच, त्याला छेद कसा जाणार? ‘मिथक’ ही संज्ञा जवळची, पण तीत ‘मिथ्या’ ऐकू येते. त्यापेक्षा ‘उत्पत्तिकथा’ बरी. वर्गात बसलेल्या एखाद्या विद्यार्थ्याचे कुटुंब त्या यात्रेला जात असते, हे अध्यापकाने विसरू नये.

उद्या एखाद्या कादंबरीकाराने हीच गुहा आजच्या कथानकात आणली, तर मात्र ‘जादुई वास्तववाद’ ही संज्ञा तपासून पाहता येईल. सामग्री तीच, संकेत निराळा. लिंगोचे गीत स्टीफन हिस्लॉप यांच्या मृत्यूनंतर, १८६६ मध्ये, त्यांच्या टिपणांतून छापले गेले. तो छापील पाठ वाचणारा अभ्यासक आणि परधानाच्या तोंडून तेच गीत ऐकणारा श्रोता यांच्यातील अंतर या संज्ञांच्या चर्चेत अद्याप पुरेसे आलेले नाही.