दाखल्याला हात लावू नकोस

माकणी

चि. बाळू,

परवा लोहाऱ्याच्या बाजारात कुणीतरी काकूच्या कानावर घातलं, की बाळू भरतीसाठी दोन वर्षांनी लहान होतोय, एजंटाला पैसेही दिलेत. काकूने फोन केला तर तू म्हणालास, "डेट ऑफ बर्थ अमेंड करून घेतोय, सगळेच करतात." तेव्हापासून काकाच्या डोळ्याला डोळा नाही. दाखल्याला हात लावलास का रे?

शब्द तरी नीट बघ. अमेंडचं मूळ लॅटिनमधल्या 'मेंडा'त आहे. मेंडा म्हणजे चूक. असलेली चूक काढून टाकणं, हा त्याचा अर्थ. फाटलेलं सांधायला इंग्रजीत 'मेंड' म्हणतात, ते त्याचंच आखूड रूप. तुझ्या तारखेत चूक कुठली? आपल्याकडच्या त्या मोठ्या भूकंपानंतरच्या थंडीत, अंगणातल्या पत्र्याखाली तू जन्मलास. घरात झोपायचं धाडस कुणाला नव्हतं. ती रात्र काका विसरेल?

खरी अमेंडमेंट कशी असते ते संविधानात बघ. 2023 पर्यंत त्यात 106 दुरुस्त्या झाल्या. 1988 च्या एकसष्टाव्या दुरुस्तीने मतदानाचं वय 21 वरून 18 वर आलं. संसदेने वयाची अट उघडपणे बदलली. जन्मतारीख कुणाचीच हलली नाही.

जन्म-मृत्यू नोंदणीचा 1969 चा कायदा तर फार काटेकोर आहे. नोंद चुकली असेल तर निबंधकाने दुरुस्ती समासात लिहायची, खाली सही आणि तारीख घालायची. मूळ ओळ तशीच ठेवायची. चूकही दिसते, ती कुणी कधी सुधारली तेही दिसतं.

काका हे उशिरा शिकला. त्याची तारीख 1 जून, शाळेत घालताना गुरुजींनी अंदाजाने टाकलेली. त्याच्या वयाच्या कितीतरी जणांची तीच. पुरावा जोडून, अर्ज करून खरी दुरुस्ती मागता आली असती. त्याने नोकरीसाठी ब्लेड घेतलं. वर्षाचा आकडा खरवडला, शाई फुटली, कागद पातळ झाला. साहेबांनी दाखला खिडकीसमोर धरला, तर आकड्यातून उजेड आरपार. त्यांनी तो न बोलता परत दिला. नोकरी गेलीच, तुझे आजोबा महिनाभर काकाशी बोलले नाहीत.

म्हणून पुन्हा विचारतो, हात लावलास का?

रागावून लिहिलं खरं. पहाटे चारला धरणाच्या भिंतीवर धावणारा बाळू काकाने पाहिलाय. भरत्या लांबत गेल्या आणि वय निघून गेलं, यात तुझा काय दोष?

पैसे गेले तर जाऊ देत. दाखला तेवढा परत आण. रविवारी ये, काकू शेंगाच्या पोळ्या करणार आहे. काका स्टँडवर उभा असेल, काही विचारणार नाही.

तुझा काका