नाव तेच, ओळख निराळी

परीक्षांचे निकाल, ग्रंथालयातील नोंदी, बँकांची खाती अशी कितीतरी माहिती आज डेटाबेसमध्ये साठविलेली असते. एखादा सर्व्हर बंद पडला तरी काम अडू नये, म्हणून तीच माहिती दोन किंवा अधिक सर्व्हरांवर ठेवण्याची पद्धत आहे. अशा समूहास क्लस्टर म्हणतात. परंतु पहिला सर्व्हर बंद पडतो, दुसरा काम हाती घेतो, माहिती सारी सुखरूप असते आणि तरीही हक्काच्या माणसाला प्रवेश नाकारला जातो, असा प्रकार पुष्कळदा घडतो. त्याची कारणमीमांसा करण्याचा मी येथे प्रयत्न करणार आहे. उदाहरण मी मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरचे घेतो. त्यातील 'ऑलवेज ऑन अव्हेलेबिलिटी ग्रुप' ही योजना २०१२ च्या आवृत्तीपासून आली.

प्रथम दोन शब्दांतील भेद ध्यानात घेऊ. 'लॉगिन' म्हणजे सर्व्हरच्या दारातून आत येण्याचा परवाना. त्याची नोंद प्रत्येक सर्व्हरच्या स्वतःच्या 'मास्टर' नामक डेटाबेसमध्ये असते. 'युजर' हा एका विशिष्ट डेटाबेसमधील असतो. काय वाचावे, काय बदलावे हे अधिकार त्याच्याकडे असतात. या दोहोंची सांगड नावाने नव्हे, तर एसआयडी या ओळखक्रमांकाने घातलेली असते. वर्गात एकाच नावाचे दोन विद्यार्थी असले म्हणजे प्राध्यापक हजेरीपटावरील क्रमांकावर विसंबतात, तसेच हे.

खरी गोम येथेच आहे. डेटाबेसची प्रत दुसऱ्या सर्व्हरवर जाते, तिच्याबरोबर युजरही जातो. मास्टर मात्र जात नाही. म्हणून तेथे लॉगिन निराळे तयार करावे लागते. नाव तेच, पासवर्ड तोच; पण सर्व्हर त्याला आपला नवा एसआयडी देतो आणि युजर पोरका होतो. विंडोज डोमेनच्या खात्यांचा क्रमांक डोमेनकडून येत असल्याने तो सर्वत्र एकच राहतो. त्यांचे लॉगिन दुसरीकडे नोंदवावे लागते खरे, पण क्रमांकांचा हा घोळ होत नाही.

निदान कसे करावे? त्रुटी १८४५६ आली तर लॉगिनच नाकारले गेले. ९१६ आली तर दारातून प्रवेश मिळाला, पण डेटाबेसने ओळखले नाही. परक्या माणसाच्या हाती धागा लागू नये म्हणून १८४५६ चे कारण मुद्दामच मोघम सांगितले जाते. खरे कारण सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये 'स्टेट' या आकड्याने दिलेले असते : ५ म्हणजे त्या नावाचे लॉगिनच नाही, ८ म्हणजे पासवर्ड चुकीचा. नंतर लॉगिनचा आणि युजरचा एसआयडी शेजारी ठेवून ताडून पाहावा.

उपाय तीन दिसतात. पहिला, त्या लॉगिनला 'सिसॲडमिन' हा सर्वाधिकार देऊन टाकणे. त्रुटी तत्काळ नाहीशी होते; पण ज्याने केवळ निकाल वाचावयाचा, त्याला गुण बदलण्याचीही मुभा मिळते! दुसरा, 'ऑल्टर युजर' या आज्ञेने युजरला नव्या लॉगिनशी जोडणे. हा बदल प्रतीबरोबर पहिल्या सर्व्हरवरही पोहोचतो; काम तिकडे परतले की तेथील जुना क्रमांक जुळत नाही, आणि तीच त्रुटी तेथे उभी राहते. तिसरा उपाय खरा. दुसऱ्या सर्व्हरवरील चुकीचे लॉगिन काढून टाकावे आणि पहिल्यावरचा एसआयडी नमूद करून ते पुन्हा निर्माण करावे. मायक्रोसॉफ्टची 'एसपी हेल्प रेव्हलॉगिन' ही प्रक्रिया अशा आज्ञा आपोआप लिहून देते. २०२२ च्या आवृत्तीत तर समूहाला स्वतःचा मास्टर देण्याची सोय झाली आहे. तिचा अवलंब केल्यास समूहात निर्माण केलेली लॉगिने त्याच्याबरोबरच जातात.

तात्पर्य, माहितीची प्रत काढली म्हणजे विश्वासाचीही प्रत निघाली असे होत नाही. दार उघडत नाही म्हणून ते उखडून काढण्याचा मोह घाईच्या वेळी फार होतो. अशा वेळी कुलूप आणि किल्ली यांचे क्रमांक शांतपणे ताडून पाहणे, यातच सुरक्षिततेचे मर्म आहे असे मला वाटते. आणि ही पडताळणी सर्व्हर बंद पडण्यापूर्वीच केलेली बरी.