'ॲक्च्युअली'चे मराठी

पुण्यातील महाविद्यालयांच्या आवारात किती तरी मराठी वाक्ये 'ॲक्च्युअली'ने सुरू होतात. विशेषतः सबब सांगायची असली की! या शब्दाचे मूळ मात्र कृतीत आहे. लॅटिनमध्ये 'आगेरे' म्हणजे करणे, 'आक्तुस' म्हणजे कृती. फ्रेंचमार्गे हे कूळ इंग्रजीत आले. १५ व्या शतकात 'ॲक्च्युअली' म्हणजे 'कृतीने'. पुढे, जे घडले तेच खरे, या न्यायाने 'खरोखर' हा अर्थ रुळला. फ्रेंचांनी निराळी वाट धरली. त्यांच्याकडे याच कुळातील क्रियाविशेषणाचा अर्थ 'सध्या' असा आहे.

भाषांतरात विद्यार्थी सरसकट 'वास्तविक' लिहितात, आणि तेथेच घोटाळा होतो. पुलाचा अंदाज एक लाखाचा, 'ॲक्च्युअली' दोन लाख लागले. येथे 'प्रत्यक्षात' हवे. 'त्याने ॲक्च्युअली माफी मागितली' यातील आश्चर्याला आपला 'चक्क'च पाहिजे. 'ॲक्च्युअली, मी चहा घेत नाही' यात समोरच्याची समजूत हळूच दुरुस्त केलेली असते. मराठीत तेथे 'तसा मी चहा घेत नाही' एवढे पुरते. 'वास्तविक मी चहा घेत नाही' म्हटले, तर यजमान पुढच्या 'पण'ची वाट पाहतो आणि आधण ठेवतो.